दुसऱ्या वेलांटीचा हमाल

मी एक जुना हमाल आहे, आणि मी आजवर एक उंदीरही मारलेला नाही.

मित्रांनो, हे मी मान ताठ ठेवून सांगतो आहे. ज्या व्हिडिओ गेममध्ये मी राहतो तिथे तलवारी आहेत, जादू आहे, आग ओकणारे ड्रॅगन आहेत. तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक वीराला पहिलं काम एकच मिळतं: सरायच्या तळघरात उतरून दहा उंदीर मारणे. मलाही मिळालं. मी गेलो नाही. त्याला सहा वर्षं झाली. ते उंदीर अजून माझी वाट पाहत असतील तर मी त्यांची मनापासून क्षमा मागतो.

माझा जन्म इंदूरला, स्नेहलतागंजमधल्या एका दुसऱ्या मजल्यावर, अकरा सेकंदांत झाला. मला घडवणारी शलाका जामदार तेव्हा कॉलेजात होती; आता नोकरी करते. तिची या गेममध्ये आठ पात्रं आहेत. आठापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, असा इथला नियम. पहिली सात तिने फार जीव लावून घडवली आणि त्यांना सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळणाऱ्या खाण्याची नावं दिली. गराडू हा तलवारवाला. जीरावण ही आग लावणारी जादूगारीण. शिकंजी ही वैद्यीण. एकट्या गराडूच्या नाकावर शलाकाने दोन दिवस घालवले आहेत.

माझ्या वेळी ती नुसतं 'पुढे, पुढे, पुढे' दाबत गेली. त्यामुळे गेमने आपणहून जे दिलं ते मला मिळालं: राक्षसाचा देह, टक्कल, एक सलग भुवई आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. माझी कसलीच तक्रार नाही. चड्डी टिकाऊ आहे.

नावाचं म्हणाल तर, तुमच्या स्वयंपाकघरात दारामागे एक पिशवी लटकत असेल. तिच्या पोटात दुसऱ्या चाळीस पिशव्या असतात आणि 'वेळेला लागेल' म्हणून तिला कुणी हात लावत नाही. शलाकाला मी तसा हवा होतो. सातही वीरांचं जास्तीचं सामान सांभाळणारा आठवा. म्हणून तिने माझं नाव ठेवलं पीशवी.

होय, 'पी' दीर्घ. दुसरी वेलांटी. शलाका शाळेत हिंदी आणि इंग्रजीत शिकली. मराठी ती घरी बोलते आणि अंदाजाने लिहिते. ही वेलांटी ध्यानात असू द्या, पुढे तिच्यावर माझा जीव टांगायचा आहे.

तर मित्रांनो, मी सरायच्या अंगणात टपालपेटीशेजारी उभा राहू लागलो. शलाका मोहिमेवरून आली की मला टपालाने सामान पाठवायची आणि लागलं की परत मागवायची. सहा वर्षांत मी एकूण चाळीस पावलं चाललो असेन, त्यातली सहा चुकून. माझ्याजवळ एक्केचाळीस तलवारी आहेत, पण त्या उचलायला विसावी पातळी लागते आणि मी पहिल्या पातळीवर आहे. नऊ चिलखतं आहेत. त्यातलं एकही घालायची मला परवानगी नाही. जखम भरून काढणाऱ्या औषधाच्या तीनशे बारा बाटल्या आहेत. एक मासा आहे. तो का आहे हे शलाकालाही आठवत नाही, पण वेळेला लागेल.

सात वीर एकाच माणसाने चालवायचे म्हणजे चेष्टा नव्हे. शलाकाकडे एक लांबट वही आहे. कुणाला ताकद वाढवायची, कुणाला अक्कल, कुणाची ढाल जुनी झाली, कोण कुणाशिवाय कुठे जाऊ शकत नाही, सगळं तिच्यात लिहिलेलं. लिहिताना ती मोठ्याने पुटपुटते आणि तिचा माईक कधी बंद नसतो, त्यामुळे त्या घरातलं सगळं मला ऐकू येतं. गराडूच्या पानावर लिहिलंय, 'ताकत दो. दिमाग मत दो, बिगड जाएगा.' शेवटचं पान माझं. त्यावर नाव आणि पुढे दोनच शब्द: 'सब कुछ.'

राजांच्या सनदा मी पाहिलेल्या नाहीत, पण याहून निराळं काय लिहीत असतील?

आता त्या रविवारचं सांगतो.

त्या मोसमाचा मोठा किल्ला संध्याकाळी सहाला कायमचा बंद होणार होता. किल्ल्याला आठ दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजा एकाच जातीच्या वीराला आत घेतो. शलाका आणि तिचा आतेभाऊ देवांश, दोघंच हा किल्ला लढवत होते. देवांश इंदूरजवळ सिमरोलला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहतो. शलाकाने सहा महिने वहीत आखणी केली होती: कुठल्या दरवाज्याला कोण, कुणानंतर कोण. सात दरवाजे हिशेबात बसले होते. आठवा त्याच आठवड्यात कळला. तो शाहिराच्या गाण्याशिवाय उघडत नाही, आणि शाहीर दोघांकडेही नव्हता.

"नवा बनवायचा," शलाका म्हणाली. "जन्मतःच त्याला एक गाणं येतं, तेवढं बस. पण माझ्याकडे जागा नाही. आठ झाले."

"तो दीदी, उस चड्डीवाले को उडा दे ना," देवांश म्हणाला. "करतो काय तो?"

"सामान सांभाळतो."

"अरे, खडा रेता है बस! आमच्या होस्टेलचा वॉचमन पण ह्याच्यापेक्षा जास्त हलतो."

"तुझे आठ आहेत ना? त्यातला एक काढ."

"माझे सगळे कामाचे आहेत, भिया." इंदुरात बहिणीलाही 'भिया', म्हणजे भाऊच म्हणतात.

मित्रांनो, इथे सांगणं भाग आहे की देवांशचे चार वीर म्हणजे एकच तलवारवाला चार रंगांत आहे. लाल, निळा, हिरवा, पिवळा. नावं 'शेर-ए-सिमरोल' एक ते चार.

शेवटी शलाकाने माझं सामान बाकीच्यांत वाटायला काढलं. चार तलवारी आणि एक चिलखत गेलं, आणि सगळ्यांच्या झोळ्या भरल्या. बाटल्यांना कुठेच जागा नव्हती. "जाऊ दे मग ह्याच्याबरोबरच," ती म्हणाली. मी माझ्या जागी ताठ उभा होतो. मला दुसरं काही येतही नाही.

"कुणाला काढताय?" मागून आवाज आला. हे अप्पासाहेब, शलाका-देवांशचे आजोबा. दिवस थंडीचे होते आणि ते मटार सोलत बसले होते. दाणे ताटात टपटप पडताना मला ऐकू येत होते.

"गेममधला एक आहे, अप्पा. लढत नाही."

"मग काय करतो?"

"सगळ्यांचं सामान ठेवतो."

"म्हणजे जामदार आहे."

"काय?"

"आडनाव काय आपलं? जामदारखाना सांभाळणारे ते जामदार. आपले पूर्वज संस्थानाच्या फौजेबरोबर असायचे. फौज पुढे, हे सामानाचे उंट घेऊन मागे. लढाई एकही पाहिली नाही. पण त्यांच्याविना एकही लढाई झाली नाही."

"अप्पा, इतिहास बाद में!" देवांश स्पीकरमधून ओरडला. "चार बज गए!"

कुणालाही काढून टाकायचं तर आमच्या गेममध्ये त्याचं पूर्ण नाव टाइप करावं लागतं. चुकून कुणाचा जीव जाऊ नये म्हणून तशी सोय आहे. शलाकाने चौकट उघडली आणि तिथेच थांबली.

"मला नाही होत. अप्पा, मी डोळे मिटते. तुम्ही लिहा."

अप्पासाहेबांनी ताट खाली ठेवलं. खुर्ची ओढली.

"शलू, हे नाव कुणी लिहिलंय?"

"मी."

"पिशवीला दुसरी वेलांटी?"

"बडी ई असते ना, अप्पा?"

एक मटार कुठूनतरी निसटला आणि टणटण करत लांब गेला. मित्रांनो, अप्पासाहेबांनी शहरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आहे.

त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं: पिशवी. ह्रस्व, स्वच्छ, निर्दोष.

'नाव जुळत नाही. दोन संधी शिल्लक,' गेम म्हणाला.

"नाव जुळत नाही म्हणे! ह्यालाच येत नाही."

"अप्पा, जसं आहे तसं लिहा ना!"

"एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांतून हीच वेलांटी खोडत आलो. आता माझ्या हाताने काढू? तेही कुणाला तरी मारायला?"

"अप्पा, प्लीज," देवांश कळवळून म्हणाला, "गलत ही लिख दो!"

"गलत लिख दो म्हणे. तुझ्या आईला मी हे शिकवलं नव्हतं."

त्यांनी पुन्हा लिहिलं: पिशवी. एक संधी शिल्लक. शलाकाने डोळे उघडले असावेत, कारण ती "थांबा, थांबा!" म्हणाली. पण अप्पासाहेबांचं बोट त्यांच्या तत्त्वाइतकंच ठाम होतं. तिसऱ्यांदा: पिशवी.

'सुरक्षेसाठी हे पात्र चोवीस तास काढून टाकता येणार नाही.'

अप्पासाहेबांनी हे मुद्दाम केलं का, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. मी पहिल्या पातळीचा आहे. एवढं मात्र ऐकू आलं की ते परत मटार सोलायला बसले आणि काहीतरी गुणगुणू लागले.

"हो गया," देवांश म्हणाला. "सहा महीने गए पानी में."

"तुझा पिवळा काढ," शलाका म्हणाली.

"दीदी!"

"पिवळा आणि हिरवा ह्यांच्यात फरक काय आहे, सांग मला."

देवांशने फार विचार केला. "रंग," तो शेवटी म्हणाला.

शेर-ए-सिमरोल चार गेला. त्याचं नाव देवांशने स्वतः लिहिलं, एका दमात, एकही चूक न करता. इंजिनिअर होणार तो. त्या जागी बारीकसा एक शाहीर आला, त्यालाही माझ्यासारखीच चड्डी. त्याला पाहून मला पहिल्यांदा कळलं की ती चांगली दिसते.

मग शलाका लढली ती कशी! वही मांडीवर. पहिल्या दरवाज्याला गराडू, दुसऱ्याला जीरावण, एक बाहेर, दुसरा आत, कोण कधी थकणार ते आधीच कागदावर. "हिरवा मागे घे! आता निळा! शिकंजी येतेय!" सात दरवाजे पडले. आठव्याशी शाहिराने गाणं सुरू केलं. ते गाणं पूर्ण व्हायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ पहारेकरी राक्षस समोरच्यांना बदडत राहतो. सहाव्या मिनिटाला शिकंजीची औषधं संपली.

"दीदी, बाटली! मेरे पास एक भी नहीं!"

"माझ्याकडेही..." शलाका म्हणाली, आणि वहीची पानं फडफडल्याचा आवाज आला. एकदम शेवटपर्यंत.

"दो मिनट संभाल!"

पुढच्या क्षणी ती माझ्यात होती. सरायचं अंगण, टपालपेटी आणि मी. बाटल्या देवांशला टपालाने धाडायच्या, पण एका पत्रात बाराच जातात. बारा. बारा. बारा. मित्रांनो, सहा वर्षांत मी इतका हललो नव्हतो; माझे दोन्ही हात चालत होते. शंभर बाटल्या गेल्या, दोनशे गेल्या. गडबडीत एका पत्रातून मासाही गेला. देवांशने तो खाल्ला आणि त्याची ताकद दुप्पट झाली. मी म्हटलंच होतं, वेळेला लागेल.

सहाला आठ मिनिटं कमी असताना आठवा दरवाजा उघडला. देवांशच्या ओरडण्याने अख्खं होस्टेल गोळा झालं असावं, कारण माईकमधून वीसेक मुलं ओरडत होती आणि त्यांतल्या कुणालाच काय झालंय ते माहीत नव्हतं. "दीदी," तो धापा टाकत म्हणाला, "ह्या चड्डीवाल्याला माझा नमस्कार सांग."

किल्ला जिंकणाऱ्यांची नावं त्याच्या भिंतीवर कायमची कोरली जातात. रसद पुरवणाऱ्याचंही कोरतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गराडू, जीरावण, शिकंजी, सगळ्यांच्या खाली, शेवटी: पीशवी.

"कायमचं कोरलं?" अप्पासाहेब उठून आले. "मग आधी दुरुस्त कर ते. घराण्याची अब्रू आहे."

शलाकाने नाव बदलायची चौकट उघडली आणि त्यांच्या देखत शुद्ध लिहिलं: पिशवी.

'हे नाव आधीच दुसऱ्या खेळाडूने घेतलेलं आहे.'

म्हणजे ह्रस्व पिशव्या जगात आणखी आहेत, मित्रांनो. दीर्घ मी एकटा.

दुसऱ्या दिवशी चोवीस तास संपले. शलाका आली, तिने माझ्याजवळ नव्या बाटल्या ठेवल्या आणि गेली. संध्याकाळी वही चाळताना ती एकदम हसायला लागली आणि देवांशला फोनवर वाचून दाखवू लागली. शेवटच्या पानावर अप्पासाहेबांनी लाल पेनाने माझी दुसरी वेलांटी खोडली होती. मग ती खोडलेली पुन्हा काढली होती, आणि शेजारी बारीक अक्षरात शेरा दिला होता: 'विशेषनाम आहे. चालेल.'

एकतीस वर्षांत त्यांनी हा शेरा दुसऱ्या कुणाला दिलेला नाही, असं शलाका म्हणाली.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, ऑफिसात कुणीतरी नुसतं उभं असेल, सगळ्यांचं सामान धरून. त्याला काढून टाकायच्या आधी एकच करा. त्याचं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहून पाहा, अगदी वेलांटीसकट. हात अडला, तर राहू द्या त्याला.

आणि तळघराकडे कुणी जाणार असेल तर उंदरांना सांगा, मी येत नाहीये. मला काम आहे.