सतरा नंबरचे बाण

कोळीहाळची वेस मागे टाकून बस कालव्यापर्यंत आली, तेव्हा कंडक्टर शिवलीलाच्या सीटपाशी येऊन उभा राहिला.

"आधार कार्ड काढ अक्का. बायकांना तिकीट फुकट असलं तरी कार्ड बघायला लागतंय."

कार्ड काढायला तिनं पिशवी मांडीवर घेतली. पिशवीतली तक्त्याची गुंडाळी बाहेर सरकली आणि तिची कड उलगडली. निळा समुद्र, पांढरे ढग, वर जाणारी वाफ. पाण्याचं चक्र. हा तक्ता शाळेत राहायचा होता.

निघताना तिनं दोनातली एक गुंडाळी सातवीतल्या निंगव्वाच्या हातात दिली होती आणि वर सांगितलं होतं, "झाडलोट झाली की हा पाण्याच्या चक्राचा तक्ता फळ्याशेजारी लाव. सोमवारी सगळ्यांना दिसला पाहिजे." दोन्ही गुंडाळ्या एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. दिली ती दुसरीच. जी कोणालाच दिसायला नको होती, ती.

शिवलीला अंगडी धारवाडला एम.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात मुलं कोणाजवळ बसतात आणि मैत्री कशी जमते, हा तिच्या लघुप्रबंधाचा विषय. त्यासाठी तिनं कोळीहाळच्या शाळेतल्या सातवीच्या चौतीस मुलांना एकेक चिठ्ठी दिली होती. तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? तीन नावं लिही. मुलांनी हाताचा आडोसा करून नावं लिहिली. "मी सोडून हे कोणी बघणार नाही," असं तिनं गळ्याला हात लावून सांगितलं होतं.

मग त्या चिठ्ठ्यांवरून तिनं तक्ता काढला. प्रत्येक मुलाचं एक वर्तुळ, आणि ज्यानं ज्याला निवडलं त्याच्याकडे जाणारा एक बाण. सहनाकडे अकरा बाण येत होते, म्हणून तिचं वर्तुळ मधोमध. आणि पार कडेला, एकटं, सतरा नंबरचं वर्तुळ. त्यातून तीन बाण बाहेर जात होते. आत एकही येत नव्हता.

सतरा नंबर म्हणजे निंगव्वा तळवार. शाळेची किल्ली तिच्याकडे, पाण्याची घागर भरायची तिनं, कोणी पडलं-झडलं की आधी धावायचं तिनं, आणि कोणी विनोद केला की सगळ्यात मोठ्यानं हसायचंही तिनंच. शिवलीलानं चिठ्ठ्या दोनदा तपासल्या होत्या. बाकीच्या तेहतीस मुलांत एकालाही ती शेजारी हवी नव्हती. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, ते सातवीतल्या पोरांनाही बरोबर जमतं. आणि निंगव्वाला याचा पत्ता नव्हता. सगळा वर्ग आपला आहे, असं समजून ती पोर दोन वेण्या उडवत हिंडत होती.

तिच्या गाइड मडिवाळर मॅडमनी आधीच बजावलं होतं. "शिवलीला, नावं लिहू नकोस. तुझ्या मनाच्या खुणा दे. मागं एकजण बुद्धीच्या चाचणीचा कागद शिक्षकांच्या खोलीत विसरला. वर्षभर सगळी शाळा एका पोराला त्याच्या आकड्यानं हाक मारत होती. शेवटी ते पोर यायचंच बंद झालं."

शिवलीलानं मान डोलावली होती. आणि मग नव्या खुणा कोण करत बसतो, म्हणून सरळ हजेरीचे नंबर घातले. रोज सकाळी त्याच नंबरांनी हजेरी होते. बापाचं नाव विसरेल, पण हजेरीचा नंबर विसरेल असं पोर अजून जन्माला यायचं आहे. एवढं शिकून एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती.

"थांबवा, थांबवा. मला उतरायचंय."

"अगं, धारवाड अजून लांब आहे."

"राहिलंय काहीतरी मागं."

"नवऱ्याला तर नाही ना विसरलीस?" कंडक्टर म्हणाला, आणि मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. शिवलीला पायरीवरून जवळजवळ उडीच मारून खाली उतरली.

परतीची बस तासाभरानं होती. ती चालत निघाली. तीन किलोमीटर, डोक्यावर दुपारचं ऊन. मुख्याध्यापकांना फोन लावला, तो लागला नाही. शनिवारी शाळा सकाळची, ती सुटली की ते शेतात जात. आणि लागला असता तरी काय सांगणार होती? तो तक्ता बघू नका म्हटलं की माणूस आधी तोच बघतो.

डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: निंगव्वा तक्ता उलगडते आहे, सतरा नंबर शोधते आहे. आपला नंबर कोण आधी शोधत नाही? बोट त्या एकट्या वर्तुळावर ठेवून ती बाण मोजते आहे. त्या पोरीला काही कळू नये, ती जरा मठ्ठ असावी, असं शिवलीला चालता चालता पुटपुटली. शिक्षकांना शिकवायला निघालेल्या बाईनं ही असली प्रार्थना करावी, याची तिला लाज वाटली, तरी तिनं ती पुन्हा केली.

गावात शिरताच हॉटेलाच्या बाकावर सहना आणि दोघी मैत्रिणी कागदात गिरमिट, म्हणजे तिखट चुरमुरे, खात बसलेल्या दिसल्या.

"अक्कोरू, परत आलात? बस चुकली?" सहनानं विचारलं. शाळेतल्या बाईंना तिथली मुलं अक्कोरू म्हणत.

"वर्गात कोण आहे ग?"

"निंगव्वा आहे की. झाडतीय. आम्ही कवाच आलो."

म्हणजे बाकीच्यांनी पाहिलेलं नव्हतं. अर्धा जीव जागेवर आला. "तिला नाही बोलावलंत खायला?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रश्न विचित्र वाटल्यासारखी सहना म्हणाली, "तिला काम असतंय की, अक्कोरू."

शिवलीला शाळेकडे पळतच गेली. वर्गाचं दार उघडं होतं. जमीन लख्ख झाडलेली, बाकं ओळीत. आणि फळ्याशेजारी, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, जराही वाकडा न होता तो तक्ता लावलेला. निंगव्वा त्याच्या अगदी जवळ, पाठमोरी उभी होती.

"निंगव्वा."

ती दचकली. वळली तेव्हा तिच्या हातात शिसपेन्सिल होती. मग नेहमीसारखी हसली.

"बघा की अक्कोरू, सरळ लावलाय का?"

"सरळ आहे. पण चुकून दुसराच दिला मी तुला."

"मला वाटलंच. यात पाणी कुठंच नाही." तिनं तक्त्याकडे पाहिलं. "हे आमच्या वर्गाचं आहे ना? त्या चिठ्ठ्यांचं?"

शिवलीला खोटं बोलणार होती, पण ते तिला जमलं नाही. तिनं होकाराची मान हलवली.

"तुम्ही घाईत काढलंय अक्कोरू. सतरा नंबरला बाण घालायचे विसरलात."

शिवलीला पुढे झाली. कडेच्या वर्तुळाकडे आता तीन बाण येत होते. पट्टी धरून काढलेले, पण अगदी फिके, पेन्सिल कागदाला जेमतेम टेकवलेली. निंगव्वानं ज्या तिघींना निवडलं होतं, त्याच तिघींकडून ते आले होते. त्यातला एक सहनाकडून.

"मी घातले," निंगव्वा म्हणाली. "मी त्यांची नावं लिहिली, म्हणजे त्यांनी माझं लिहिलं असणारच की. विसरलात ना तुम्ही?"

ती शिवलीलाच्या तोंडाकडे बघत उभी होती. हसू होतं, पण पेन्सिल धरलेली बोटं घट्ट आवळलेली होती. तिला खरंच तसं वाटतं आहे की ती आपल्याला विचारते आहे, हे शिवलीलाला ओळखता येईना. बालमानसशास्त्रात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. ते सगळं या घडीला कवडीमोल होतं.

"हो," ती म्हणाली. "विसरलेच मी."

"मग सोमवारपर्यंत राहू दे भिंतीवर?"

"नको," शिवलीला घाईनं म्हणाली. " कॉलेजात द्यायचाय."

निंगव्वानं जरासुद्धा हट्ट केला नाही. लगबगीनं बाकावर चढून तिनं चारही कोपरे नखानं हळूच सोडवले, कागद कुठंही न फाडता. चित्र आत घेऊन तक्ता आवळून गुंडाळला. मग एका वेणीची लाल रिबन सोडली आणि गुंडाळीला बांधली. एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली.

शिवलीलानं पाण्याचं चक्र तिला दिलं. ते तिनं त्याच जागी लावलं, कडी घातली, कुलूप ओढून पाहिलं. दोघी स्टँडवर आल्या. एक वेणी सुटून निंगव्वाच्या खांद्यावर पसरली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. बस येईपर्यंत ती मजेत बोलत होती, आजीच्या शेळीबद्दल, नव्या बोअरच्या पाण्याबद्दल. शिवलीलाला वाटलं, नाही कळलं पोरीला. वाचले मी.

बस आली. शिवलीला चढली आणि खिडकीशी बसली. निंगव्वा खिडकीखाली येऊन टाचा उंच करून उभी राहिली.

"अक्कोरू."

"काय ग?"

"ते बाण पुसायचे असले तर घरी गेल्यावर पुसा," ती हळू आवाजात म्हणाली. "इथं गावात उघडू नका."