गेलेल्या माणसाचा डेस्कटॉप

ऑफिसातल्या सगळ्यांचे डेस्कटॉप आता फायलींसकट एका मध्यवर्ती सर्व्हरवर होते. टेबलावर नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. नवा माणूस आला की त्याचा डेस्कटॉप आपोआप तयार व्हावा आणि नोकरी सोडणाऱ्याचा आपोआप पुसला जावा, अशी व्यवस्था इंजिनिअरने जिवाचं रान करून बसवली होती. साहेब भलतेच खूश होते.

मग ऑफिसातले अकाउंटंट हार्ट अटॅकने गेले. काही दिवसांनी त्यांची बायको इंजिनिअरला भेटायला आली.

"भाऊ, हे जेवणाच्या सुट्टीत इथल्या कॉम्प्युटरवर लेकीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायचे. पोर रात्री झोपतच नाही हो. तेवढ्या काढून द्या ना."

इंजिनिअरने तिच्यासमोरच सगळा सर्व्हर पालथा घातला. पण अकाउंटंटचं नाव कामावरून कमी झालं, त्याच संध्याकाळी त्यांचा डेस्कटॉप बॅकअपसकट पुसला गेला होता. कुठेही काही चुकलं नव्हतं.

"वहिनी, काहीच उरलं नाही."

"एखादी अर्धीमुर्धी तरी?"

"नाही. मीच तशी सोय केली होती."

ती चिडली नाही. "हे म्हणायचे, तुमचं काम अगदी चोख असतं," एवढंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मग पर्स उचलून ती जिन्याकडे गेली.

इंजिनिअरने तेव्हाच बदल केला: पुसण्याआधी महिनाभर थांबायचं आणि घरच्यांना विचारायचं. चहा गार व्हायच्या आत ते काम झालंसुद्धा. इतकं सोपं होतं, हेच त्याला पुढे कितीतरी दिवस सलत राहिलं.