वहिनीची फुंकर

दुसऱ्यांदाही श्वास मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ मरगळल्यासारखी सरपटली, आणि वहिनीने यंत्राची नळी तोंडातून काढली. काच फुंकणाऱ्यांची ही दरवर्षीची तपासणी. यात नापास झालं की भट्टी सुटली, बसा बरण्या पुसत. हयात काच फुंकायच्या लोखंडी नळीला ओठ लावण्यात गेली, आणि आता बरण्या पुसायच्या? छे! त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

"श्वासनळ्या अरुंद झाल्यासारखं दिसतंय," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण जिना तर तुम्ही धावत चढून आलात. गंमतच आहे."

"अहो, जीव तोडून फुंकतेय मी!" वहिनी रडकुंडीला आली.

"हे बघा. छातीखाली स्नायूचा एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली जातो, फासळ्या उघडतात, आणि हवा पार टोकाच्या इवल्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचते. तिथून रक्त प्राणवायू उचलतं. मला बघायचंय, ती हवा पहिल्याच झटक्यात किती बाहेर पडते. नळ्या मोकळ्या असल्या तर भसकन पडणार."

"भसकन?" कोपऱ्यातली नणंद ताडकन उठली. भट्टीवर वहिनी फुंकायची आणि ही नळी फिरवायची, अशी दोघींची जोडी. "अगं वहिनी, तू बरणी फुंकतेयस! सावकाश, एकसारखी!"

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. खरंच की! भसकन फुंकलं की तापलेली काच फाटते, हे तर ती नव्या मुलींना घसा फोडून शिकवायची. आता समोर काच नव्हती, तरी अंगवळणी पडलेलं तोंड आपणहून हवा अडवत होतं.

"फोड या वेळी!" नणंद ओरडली. "कर चक्काचूर! होऊ दे नुकसान!"

वहिनीने नाकाला चिमटा लावला, पोटापासून छाती भरली आणि दिली सोडून. रेघ सरळ वर उसळली! "अजून, अजून, अजून!" बाई ओरडत होत्या, नणंद टाळ्या पिटत होती, आणि वहिनीचा वारा काही संपेना.

"मोकळ्या आहेत हो नळ्या! खुशाल जा भट्टीवर!"

वहिनी धापा टाकत हसत होती, डोळ्यांत पाणी. जन्मभर तिने वारा चमच्याने वाढला होता. एवढा साठा आपल्यात आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"खात्रीसाठी पुन्हा एकदा..." बाईंचं वाक्य संपायच्या आत तिने नाकाला चिमटा लावलासुद्धा.