दुसऱ्या पाळीची पोल्का

होदोनिन गावच्या ग्रंथालयात संगीत विभागाची दोनच टेबलं. एकावर ओटिलीबाई, त्यांच्याकडे स्वरलिपीचे कागद. दुसऱ्यावर राडोव्हान, त्याच्याकडे तबकड्या आणि ध्वनिफिती. राडोव्हानला माणसं जोखायची खोड होती. दारातून कोणी आत आलं की तो मनातल्या मनात त्याला एका खात्यात टाकून मोकळा व्हायचा. हा लग्नात वाजवायला काहीतरी मागणार, ही मुलीच्या परीक्षेसाठी पियानोचं पुस्तक नेणार आणि परत आणायचं विसरणार, हा तर नुसता उबेला आलाय. बहुतेकांचा जमाखर्च जुळायचा. जुळत नसे तो ओटिलीबाईंचा. गिऱ्हाईक "ते आपलं, मध्येच रडू येतं ते" एवढंच सांगायचं, बाई दहा प्रश्न विचारून नेमका कागद काढून द्यायच्या, आणि गिऱ्हाईक आभार मानायच्या आधीच पुढच्याकडे वळायच्या. या बाईला यातून मिळतं काय, हे त्याला कधी उमगलं नव्हतं.

बुधवारी अलोइस कोस्तिहा आला. जवळच्या गावात नळकाम करणारा गडी, अंगावर कोणाचा तरी काळा कोट. राडोव्हानने खातं ठरवलं: मयत. बरोबर निघालं.

"वडील गेले," अलोइस म्हणाला. "मेतोदेय कोस्तिहा. शनिवारी माती आहे. जाताना एकच मागितलं, थडग्याशी माझं गाणं वाजवा. गावचे बँडवाले तयार आहेत, पण म्हणतात, आम्हाला ते ठाऊक नाही, कागद आणा."

"नाव काय गाण्याचं?" ओटिलीबाईंनी विचारलं.

"नाव कुठलं? बाबांचं गाणं. रोज घरी वाजवायचे."

"मग म्हणून दाखवा."

अलोइसने टोपी काढली आणि म्हटलं. राडोव्हानला ते रिकामं पिंप जिन्यावरून उतरवल्यासारखं वाटलं, पण त्याने तोंडावर काही दाखवलं नाही. उलट बाह्या सरसावल्या. चाल शोधायची तर कानांनी, आणि कानांचं खातं त्याचं. दिवसभर तो एकामागून एक ध्वनिफिती लावत राहिला.

"हे?"

"नाही."

"वडील खाणकामगारांच्या बँडमध्ये होते म्हणालात ना? मग हे घ्या, त्यांच्याच बँडचं."

"छे हो. हे असलं नाचरं नव्हतं."

संध्याकाळी अलोइस मान खाली घालून गेला. राडोव्हान म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याला सूरच नसणार. जवळपासचं काहीतरी द्या. मेलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही."

"मेलेला नाही येत रे," बाई शाल गुंडाळत म्हणाल्या. "ज्याला चुकीचं दिलं तो जिवंत माणूस मात्र पुढे आपलं दार दिसलं की रस्ता ओलांडून जातो."

दुसऱ्या दिवशी अलोइस दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला होता. बाईंनी त्याला खुर्ची दिली. "आता पुन्हा म्हणा. पण मला ऐकवायला नको. घरी ऐकू यायचं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

तो म्हणू लागला. मध्येच थांबला. राडोव्हान काही बोलणार तेवढ्यात बाईंनी बोट वर केलं. बऱ्याच वेळाने अलोइसने पुन्हा सूर धरला.

"मध्ये का थांबलात?"

"तिथं थांबायचंच असतं. बाबा थांबायचे."

"आणि थांबले की काय करायचे?"

अलोइस ओशाळला. "वाद्य उलटं करून फुंकून फुंकून आत साचलेलं पाणी झटकायचे. आई ओरडायची, फरशी घाण होते म्हणून. आणि पाय आपटत राहायचे."

"पाय आपटत," बाई हळूच म्हणाल्या. "वाद्य कुठलं होतं?"

"बॅरिटोन. मांडीवर घेऊन फुंकतात ना, ते मोठं पितळी."

बाईंनी चष्मा काढला. "कोस्तिहासाहेब, बाबा घरी गाणं वाजवत नव्हते. आपल्या वाट्याचं तेवढं वाजवत होते. चाल वरच्या सुराची वाद्यं धरतात, बाबांच्या डोक्यात ती चालू असायची. ते थांबायचे तेव्हा गाणं थांबत नव्हतं. तुम्ही कापड कधी पाहिलंच नाही, अस्तर तेवढं ओळखता."

"म्हणजे जन्मभर मी..."

"अस्तरावरूनही कोट सापडतो. राडोव्हान, ऊठ. तळघरातली खाणवाल्यांची खोकी आण."

बँड मोडला तेव्हा त्याचे सगळे कागद ग्रंथालयाकडे आले होते. एकेका गाण्याचं पुडकं, पुडक्यात प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. बाई प्रत्येक पुडक्यातून बॅरिटोनचा कागद तेवढा ओढत, ओठ हलवत वाचत, बाजूला ठेवत. राडोव्हान धूळ खात खोकी वाहत होता. दुपारी एका कागदावर त्यांचं बोट थांबलं. चार ओळी, मग लांबलचक विसावा. पाणी झटकायला पुरेसा. बाई गुणगुणू लागल्या आणि अलोइस खुर्चीतून उठलाच.

"हेच! बाई, हेच!"

राडोव्हानने मथळा वाचला: दुसऱ्या पाळीची पोल्का. त्याचे कान तापले. हीच नाचाची चाल त्याने काल लावली होती आणि हिलाच अलोइस नाचरी म्हणाला होता. त्याने ती पुन्हा लावली.

अलोइसच्या कपाळाला आठी पडली. "हे तर..."

"वरचं ऐकू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी तळवा खाली, टेबलाच्या पायापाशी नेला. "इथलं ऐका."

अलोइसने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचा चेहरा पोरासारखा झाला. खालचा सूर विसाव्याला थांबला तेव्हा वरची चाल उधळत पुढे निघाली होती, आणि अलोइसचा बूट फरशीवर ठेका देत होता.

राडोव्हान खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. जन्मभर तो माणसाने मागितलेलं ऐकत आला होता. या बाईने माणसाने गाळलेलं ऐकलं होतं. असल्या हिशेबाची वही त्याच्याजवळ नव्हतीच.

शनिवारी तो मातीला गेला. बाईंना त्याने सांगितलं की ध्वनिमुद्रण करायला जातोय, आणि यंत्र टेबलावरच विसरून गेला. शवपेटी खाली उतरली. बँडने वाद्यं उचलली आणि द्राक्षमळ्यांच्या उतारावर ती पोल्का दणक्यात सुटली. अलोइस घरच्यांची रांग सोडून बॅरिटोनवाल्याला खेटून जाऊन उभा राहिला. आत्याने बाही ओढली, "अरे, जागेवर ये, लोक बघतायत." तो हलला नाही.

राडोव्हानच्या शेजारी कोस्तिहांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी म्हातारी शेजारीण होती.

"मेतोदेय हे वाजवायचा?" ती मोठ्याने म्हणाली. "अगं बाई! मी आपली समजत होते, मेल्याला एक गाणं धड येत नाही. भिंतीवर काठी आपटायचे मी!"

"त्याला येत होतं, आजी," राडोव्हान म्हणाला. "बाकीचे बँडवाले तेवढे तुमच्या भिंतीपलीकडे नव्हते."

बँड थांबला. म्हातारीने थडग्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि काठीने बँडवाल्यांकडे खूण केली.

"पोरांनो, आणखी एकदा वाजवा. मी त्याचं नीट ऐकलंच नाही."