सभामंडपातली गेंदी

माघातल्या दुपारचे ऊन जुन्या लुगड्यासारखे मऊ आणि विरळ झालेले असते. त्या उन्हातून, महादेवाच्या सभामंडपाकडून, तिचे हसणे प्रथम माझ्या कानांवर आले, तेव्हा ते तिचे आहे हे मला ओळखताच आले नाही. आधी गळ्यात जरा अडखळणारे, मग बांध फुटलेल्या पाटासारखे धावत सुटणारे, आणि शेवटी धाप लागून स्वतःशीच थांबणारे ते हसणे. एखाद्या तरुण सासुरवाशिणीचे असावे असे वाटून मी मान खाली घालून पुढे निघालो, आणि खांबाआडून तिचा हिरव्या काठाचा पदर दिसला. उभा संसार मी या बाईबरोबर केला होता. हे हसणे माझ्या घरात कधी वाजले नव्हते.

साखरखेर्ड्याच्या मराठी शाळेत मी मास्तर होतो. पेन्शन घेऊन घरी बसलो होतो. मुलगा खामगावला नोकरीवर, मुलगी चिखलीकडे दिलेली. घरात मी आणि जानकी, दोघेच. जानकी ही कमी बोलणारी, कमी आवाज करणारी बाई. ती चाले तेव्हा पायाखालच्या जमिनीलाही ऐकू जात नसे. हिवाळा आला हे मला पंचांग न उघडता, चुलीवरच्या तुरीच्या सोल्यांच्या वासावरून कळे. उन्हाळा आला हे माठाखाली तिने पसरलेल्या ओल्या वाळूवरून. पदराचे टोक दातांत धरून ती धान्य पाखडू लागली की कोंड्याचा सोनेरी धुरळा तिच्याभोवती तरंगे आणि त्यात ती क्षणभर दिसेनाशी होई. तिचे ते मौन मी माझीच मालमत्ता समजत आलो होतो. आता शाळा नाही, मुले नाहीत. आता ही सर्वस्वी माझ्या वाट्याला येईल, दुपारी मी पोथी वाचीन आणि ती ऐकेल, असा माझा हिशेब होता.

तेवढ्यात रुखमा गावात आली.

रुखमा सुलतानपूरची, जानकीच्या माहेरच्या शेजारची. विधवा, मूलबाळ नसलेली. म्हातारपणी भाच्याच्या आश्रयाला आलेली. येऊन पंधरवडा होतो न होतो तोच तिने गावातल्या चार-दोन म्हाताऱ्या गोळा केल्या. ज्यांच्या कमरेच्या किल्ल्या सुनांकडे गेल्या होत्या, ज्यांना घरात कोणी काम सांगत नव्हते आणि कोणी कामही करू देत नव्हते, अशा त्या सगळ्या. सभामंडपात बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायची, आणि गावात ज्या घरी पाळणा हलेल त्या घरी एक नेऊन द्यायचे, मग ते घर कोणाचेही असो. जानकी एक दिवस सहज म्हणून गेली आणि मग रोज जाऊ लागली.

मत्सर हा शब्द मी वर्गात कितीदा समजावून सांगितला असेल. त्याचा अर्थ मला वार्धक्यात कळला. दुपार झाली की तिच्या हालचालींत एक घाई उतरे. भांडी घासताना तिचे मन हातांच्या पुढे धावे. संध्याकाळी परतली की तिच्या चेहऱ्यावर पिकल्या कवठासारखा गोड, आंबूस असा कुठल्या तरी गोष्टीचा वास रेंगाळलेला असे, आणि ती गोष्ट माझ्यासाठी नसे. मी आजार शोधू लागलो. कधी गुडघा, कधी पाठ. ती निमूट तेल चोळी, भाकर झाकून ठेवी आणि सुईदोऱ्याची थैली काखेत मारी.

"आज नाही गेलीस तर चालत नाही काय?" मी एकदा विचारले.

"काठ राह्यला दुपट्याचा," ती म्हणाली. "तानीच्या सुनेचे दिवस भरत आले. लेकरू काय आपल्यासाठी थांबून राह्यते?"

माझ्यासाठीही कोणी थांबत नव्हते. अखेर एके दिवशी मी तिच्या मागोमाग गेलो आणि मंडपाबाहेरच्या पायरीवर, खांबाच्या सावलीत बसलो. आत रुखमाचा घोगरा आवाज चालला होता.

"ए गेंदे, सांग न वं ते म्हशीची गोष्ट!"

"कितीक डाव सांगू माय?"

तो आवाज जानकीचा होता. आणि ती सांगू लागली. लहानपणी ती म्हशीच्या पाठीवर झोपी गेली होती. म्हैस तशीच चालत तळ्यात उतरली. काठावर सारे गाव ओरडत होते आणि ही पाण्याच्या मधोमध जागी झाली. "मंग काय, घाबरून म्या म्हशीच्याच पाया पडली. म्हनलं बाई, मले बाहेर घेऊन चाल, तुले मी सरकी चारीन, पर मायले सांगू नको!" आणि तेच हसणे, तो फुटलेला पाट, सगळ्या म्हाताऱ्यांना आपल्याबरोबर वाहवत नेणारा.

गेंदी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'जानकी' हे नाव मीच लिहिले होते. अक्षर वळणदार आले म्हणून मंडपात माझे कौतुक झाले. त्या अक्षरांखाली कोणते नाव होते, हे त्या दिवशी तिथल्या कोणाच्याच मनात आले नाही.

रात्रीच्या जेवणाला मी विचारले, "गेंदी कोण?"

तिचा वाढता हात ताटावर थबकला. "मीच. आजून कोन?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं काय कधी?" तिच्या स्वरात राग नव्हता. तिने वरण वाढले आणि मिठाची वाटी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात सडा टाकीत होती. मी ओसरीवरून, मनाचा हिय्या करून, हाक मारली, "गेंदे!" तिने चमकून वळून पाहिले, आनंदाने, जणू कुंपणापाशी रुखमाच उभी आहे. मग मी दिसलो. तो आनंद विझताना मी पाहिला. डोक्यावरचा पदर सारखा करीत ती हलकेच म्हणाली, "तुमी नका म्हनू. तुमच्या तोंडून ते दुसऱ्याच बाईचं वाटते."

मी पुन्हा कधी म्हटले नाही.

पुढल्या भाद्रपदात तिला ताप आला आणि उतरेना. मेहकरहून डॉक्टर आणला, औषधे झाली. खाटेच्या एका अंगाला मी बसे, दुसऱ्या अंगाला रुखमा. मी "जानकी" म्हणून हाक मारी तेव्हा तिच्या पापण्याही हलत नसत. रुखमा "गेंदे" म्हणे आणि त्या ग्लानीतूनही तिचे ओठ "ओ" देत. ती कुशीवर वळली ती रुखमाकडे. ती मरणाच्या उंबऱ्यावर असतानाही मला रुखमाचा हेवा वाटत होता, आणि पाठ माझ्याकडे असतानाच जानकी गेली.

दिवाळी कोरडीच झाली. कार्तिकातल्या एका दुपारी दारात रुखमा उभी राहिली. मागे तिच्या तिघी, हातात अर्धवट दुपटे.

"मास्तर, सुई ओवून देता काय? आमच्यात कोनाले नेढं दिसत नाही आता. आधी गेंदी ओवत जाये."

मी चष्मा लावला. दोरा दोनदा हुकला आणि तिसऱ्यांदा गेला. त्या चौघी माझ्याकडे अशा पाहत होत्या की वर्गातल्या पोरांनीही माझ्याकडे इतक्या विश्वासाने कधी पाहिले नसेल. दुसऱ्या दिवशी त्यांना येण्याचा त्रास नको म्हणून मीच गेलो. पायरीवर बसून सुया ओवू लागलो. पुढे तयार दुपटी घरोघर पोचवण्याचे कामही माझ्याकडे आले. कुठल्या गल्लीत पाळणा हलणार आहे याची मला आता आधी खबर असते, बाळंतिणींच्या सासवा मला आत बोलावून बाळ दाखवतात, आणि एखाद्या दुपारी मला उशीर झाला तर रुखमा भाच्याला पाठवून विचारते, "मास्तर काऊन नाही आले?" कोणी माझी वाट पाहते आहे, ही भावना किती उबदार असते, हे आता कळते. त्या उबेसाठीच ती रोज घाईने निघत असावी.

सुई ओवून देता देता त्या मला तिच्या गोष्टी देतात. तिने झाडावरून टाकलेल्या चिंचा, तिचा हट्ट, तिची भांडणे. एकदा मी धीर करून विचारले, "रुखमाबाई, माझ्याविषयी काही बोलायची का ती?"

रुखमाने दोरा दातांनी तोडला. "बोले न. लय बोले."

"काय?"

"ते तिनं आमाले सांगितलं व्हतं, मास्तर. तुमाले काऊन सांगू?"

बाकीच्या तिघी दुपट्यात माना घालून हसल्या. मीही हसलो, पण आत तो जुना निखारा लख्ख फुलला आणि अजून विझलेला नाही. आता या चौघी थकत चालल्या आहेत. माझ्या वाट्याची जानकी मृत्यूने एकाच दिवशी नेली. त्यांच्याजवळची गेंदी मात्र अजून रोज दुपारी जिवंत होते, आणि त्यांच्यातली एकेक जाईल तशी थोडीथोडी मरत जाईल. म्हणून ज्यांचा मी आयुष्यात सर्वांत अधिक हेवा केला, त्यांच्याच दीर्घायुष्यासाठी मी सांजसकाळ हात जोडतो, कारण माझ्या पत्नीचा जो काळ मला कधी ठाऊकच नव्हता, तो या चौघींबरोबर पुसला जाण्याआधी मला डोळे मिटायचे आहेत.