अंगठा आलेली ऐंशीवी स्लाइड

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! चाळीस वर्षं मी एका साध्या भिंतीवर नद्या वाहवल्या, विमानं उडवली, वाघ उभे केले; तेव्हा लोकांनी मुकाट विश्वास ठेवला. आणि आता मी माझी स्वतःची हकिगत सांगायला बसलो की जो तो गालातल्या गालात हसतो. माझा अगदी जीव उबगला आहे, मित्रांनो. पण तुम्ही रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गाला आलाच आहात आणि तुमच्या सरांना यायला उशीर आहे, तर ऐका. प्रश्न शेवटी विचारायचे.

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. स्लाइड म्हणजे काय, हेही तुम्हांला सांगावं लागणार! फिल्मचा एक एवढासा रंगीत तुकडा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. माझ्या डोक्यावर ही गोल तबकडी दिसते ना, तिला ऐंशी खाचा आहेत. एकेका खाचेत एकेक स्लाइड. बटण दाबलं की तबकडी एक घर पुढे सरकते, खटॅक असा आवाज होतो, स्लाइड माझ्या पोटात उतरते, मागून दिव्याचा झोत येतो आणि समोरच्या भिंतीवर चित्र उमटतं. पोटात पंखा आहे, नाहीतर मी केव्हाच भाजून निघालो असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझी काच घासणारा कारागीर भारी चिकट होता. त्याने ती इतकी घासली, इतकी घासली, की एकदा सोमवारी त्याने तिच्यातून पाहिलं तर पलीकडे धो धो पावसाचा मंगळवार दिसला. हसू नका. त्याच्याकडे छत्री नव्हती, तेवढ्यासाठी तो मंगळवारी कामावरच आला नाही.

कारखान्यातून मी थेट इथे आलो. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची हीच खोली, हेच छायाचित्र मंडळ. काय दिवस होते ते! मी तळ्याचं चित्र दाखवलं की पहिल्या रांगेतले लोक पाय वर घेऊन बसत. बर्फाचा डोंगर दाखवला, तर मंडळाच्या अध्यक्षांना सर्दी झाली. ते पेशाने दंतवैद्य. पुढे आठ दिवस शिंकत शिंकत त्यांनी लोकांचे दात काढले. एकाचा तर शेजारचाच निघाला! आणि माझा पंखा? त्याच्या वाऱ्याने एका सभासदाचा केसांचा टोप उडून दिव्यावर बसला आणि भिंतीवर ढग आले. परीक्षकांनी त्या ढगांना पहिलं बक्षीस दिलं.

बरं, राहू द्या. आता जे सांगतो ते खरं आहे.

मला चालवायचे ते घड्याळवाले. खाली कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचे. माणूस कमी बोलायचा. माझी काच पुसताना आधी तिच्यावर फुंकर घालायचे, मग मऊ फडक्याने आतून बाहेर गोल गोल पुसायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर खाली डाव्या कोपऱ्यात ते लाल शाईचा ठिपका द्यायचे. कारण काय, तर माझ्या पोटात स्लाइड उलटी टाकावी लागते, डोकं खाली, तेव्हा कुठे भिंतीवर चित्र सरळ येतं. स्लाइड फिरवून धरली, ठिपका आपल्या उजव्या अंगठ्याखाली आला, की समजायचं बरोबर आहे. अंधारातसुद्धा चुकायला नको. इतकी सोपी गोष्ट! पण इतक्या सोप्या गोष्टीने पुढे माझा जो संताप केला, तो येईलच.

मंडळाची एक रीत होती. दर वर्षी एक मोठा कार्यक्रम. एकेक स्लाइड भिंतीवर आली की सगळे मिळून ओरडायचे, पास किंवा नापास. पास झालेल्या स्लाइड लाकडी पेटीत, नापास झालेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. घड्याळवाल्यांच्या एकोणऐंशी स्लाइड पेटीत होत्या. आणि दर वर्षी ऐंशीव्या खाचेत ते एकच स्लाइड घालायचे, तीच ती.

ती त्यांनी काढलेली नव्हती. त्यांच्या धाकट्या बहिणीने, शिवणकाम करणाऱ्या ताईंनी, त्यांच्याच कॅमेऱ्याने काढली होती. आयुष्यात तेवढा एकच फोटो काढला बाईंनी, आणि त्यातही भिंगावर स्वतःचा अंगठा! चित्राचा उजवा कोपरा गुलाबी ढेकळासारखा झाकलेला. उरलेल्या चित्रात घड्याळवाले आपल्या टेबलाशी बसलेले, एका डोळ्याला ते नळीसारखं भिंग, आणि तोंडभर हसताहेत. जरा हललेलंच होतं सगळं.

"नापास!" सगळी खोली ओरडायची.

"पुढच्या वर्षी बघू," घड्याळवाले म्हणायचे आणि स्लाइड डब्यात टाकायचे. पुढच्या वर्षी पुन्हा ऐंशीव्या खाचेत हजर. एकवीस वर्षं मी ती दाखवली. मला तिचा अगदी वीट आला होता, खोटं कशाला बोलू.

मग हे आले. वर बघा. छताला उलटे लटकलेले साहेब. डिजिटल! त्यांना स्लाइड नको, तबकडी नको, माणूस नको. संगणकातून तार आली की झालं. नवे चिटणीस तर त्यांच्या प्रेमातच पडले. "अंधार करायला नको, काही उलटं पडायला नको, धूळ नाही, खटॅक नाही!" म्हणाले. बरोबर आहे. धूळ माझ्यावर बसायची, हे मी नाकारत नाही. मी तापलो की स्लाइड माझ्या पोटात पापडासारखी फुगायची आणि चित्र मध्येच धूसर व्हायचं, हेही कबूल. पण मित्रांनो, काळा रंग काळा दिसावा की नाही? त्यांचा काळा म्हणजे धुऊन धुऊन विटलेली शाळेची पँट. त्यांचं सूर्यास्ताचं चित्र पाहून अध्यक्ष म्हणाले, "कुणाच्या हिरड्या आहेत या?" आणि सुरू व्हायला किती नखरे! आधी निळा पडदा. मग 'सिग्नल नाही'. मग चिटणीस टेबलावर चढतात, तार काढतात, फुंकतात, पुन्हा लावतात. मग 'अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका'. मी आयुष्यात कधी कुणाला 'कृपया' म्हणून थांबवून ठेवलं नाही. खटॅक, आणि चित्र!

चिटणिसांनी सगळ्या स्लाइड संगणकात उतरवून घेतल्या. म्हणजे पेटीतल्या. डबा कोण उघडतो? डब्यावर मोठ्या अक्षरांत 'नापास' लिहिलेलं. तो आणि मी, दोघांनाही मागच्या अडगळीच्या खोलीत खुर्च्यांच्या ढिगामागे टाकलं, आणि सोमवारी भंगारवाला बोलावला.

आणि त्याच आठवड्यात घड्याळवाले गेले.

रविवारी दुपारी चार वाजता मंडळाने त्यांच्यासाठी सभा ठेवली. पुढे एक खुर्ची मांडली आणि तिच्यावर त्यांचा कॅमेरा ठेवला, कारण ठेवायला त्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता. ताईंच्या घरीही नव्हता. दुसऱ्यांचे हजार फोटो काढले, पण स्वतःकडे कॅमेरा वळला की हे गृहस्थ उठून चहा आणायला जायचे. ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी त्यांची नात. अडगळीच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं.

साहेबांनी तीनदा 'सिग्नल नाही' म्हणून झाल्यावर चित्रं सुरू झाली. एकोणऐंशी चित्रं दाखवली आणि भिंतीवर 'धन्यवाद' आलं. लोक उठायला लागले.

"बसा हो," ताई म्हणाल्या. "एक राहिलं."

"झालं, ताई. एकोणऐंशीच आहेत," चिटणीस म्हणाले.

"ऐंशी. शेवटचं दादाचं. ते बघायला तर मी आले."

चिटणिसांच्या एकदम लक्षात आलं. "अच्छा, ती होय? ती सदोष होती, ताई. ती उतरवून घेतली नाही. तिच्यात कुणाचा तरी अंगठा आलाय."

"तो माझा अंगठा आहे," ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी चिटणिसांकडे असं पाहिलं, जसं ते किडलेल्या दाढेकडे पाहतात. "कुठाय ती स्लाइड?"

मग काय धावपळ! खुर्च्या हटवल्या, खिडकीचा पडदा ओढला, डबा निघाला, मी निघालो. मला टेबलावर ठेवलं, फडकं मारलं. तेही कोरडं! फुंकर नाही, काही नाही. माझ्यात एकच दिवा शिल्लक होता, तोही म्हातारा. पण बटण दाबल्याबरोबर पेटला. मी म्हटलं, आता बघा रे, काळा कसा असतो ते!

चिटणिसांनी स्लाइड घेतली, नीट न्याहाळली आणि सरळ धरून माझ्यात टाकली. सरळ! लाल ठिपका डोळ्यांसमोर असताना! भिंतीवर घड्याळवाले डोकं खाली, पाय वर.

"अहो, माझ्या भावाला वटवाघूळ करून टाकलंत की!" ताई म्हणाल्या. त्या हसल्या, पण डोळ्यांना पदर लावून.

"थांबा, थांबा, सेटिंगमध्ये जाऊन फिरवतो," चिटणीस म्हणाले आणि माझ्या अंगावर सेटिंग शोधायला लागले. माझ्या अंगावर! एक बटण आणि एक भिंग फिरवायची कळ, एवढाच माझा संसार. शेवटी अध्यक्षांनी त्यांना बाजूला सारलं, चिमट्याने दात काढावा तशी स्लाइड उपटली, उलटी केली, ठिपका अंगठ्याखाली घेतला आणि खाचेत सोडली. मी तबकडी फिरवली. खटॅक. स्लाइड उतरायला लागली.

आणि फट्!

दिवा गेला. खोलीत काळोख. साहेबांचा नव्हे, खरा काळोख.

ताई एवढंच म्हणाल्या, "राहू द्या मग."

आता ऐका, मित्रांनो, इथेच तुमचा विश्वास बसणार नाही. ते 'राहू द्या' ऐकून मला असा संताप आला, असा संताप आला, की माझी काच लाल झाली. दिवा नव्हता, वीज नव्हती. चिटणिसांनी तर तारही उपटून टाकली होती. तरी मी पेटलो! नुसत्या रागाने! भिंतभर घड्याळवाले उभे राहिले, लख्ख, धूसरपणा औषधालाही नाही. अंगठा आपण होऊन बाजूला सरकला. घड्याळवाल्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, मान वळवून ताईंकडे पाहिलं आणि म्हणाले, 'पुढच्या वर्षी बघू.' सगळी खोली उभी राहून ओरडली, 'पास!' छतावरच्या साहेबांनी तर शरमेने मान खाली घातली. बघा, अजून खालीच आहे. तेव्हा मित्रांनो, सांगायचं एवढंच, की जुन्या यंत्राला अडगळीत टाकू नका, त्याची काच वेळच्या वेळी पुसा, त्याचा एक जादा दिवा घरात ठेवा, कारण अडीअडचणीला शेवटी आम्हीच...

काय गं? हात कशाला वर केलास? प्रश्न शेवटी म्हटलं होतं ना?

"प्रश्न नाहीये. तुम्ही खोटं बोलताय."

मी? खोटं?

"हो. मी आजीच्या शेजारीच बसले होते. दिवा गेला आणि तुम्ही बंद पडलात. मग आजीने स्लाइड मागून घेतली आणि मी खिडकीचा पडदा सरकवला. तिने ती उजेडात धरली आणि म्हणाली, 'बघ, हसतोय.' मग चिटणीसकाकांनी पाहिली, मग दातांच्या डॉक्टरांनी, मग खिडकीशी रांगच लागली. 'पास' कुणीच ओरडलं नाही. सगळ्यांनी एकेक करून पाहिली आणि आजीच्या हातात परत दिली. तुम्ही तेव्हा गारच पडला होतात."