सरांचं ‘स्टेप बॅक’

सास्तूरजवळच्या आमच्या गावात सिद्धलिंग सर इंग्रजीचा क्लास चालवतात. बोलण्यात लई पटाईत माणूस. भाजी घेतानाही अर्धं वाक्य इंग्रजीत. गावालगतच्या खाणीत सुरुंग उडायला लागले, तेव्हा पुढारपण त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

सुरुंग उडाला की घराघरातली भांडी थरथरायची. त्र्याण्णवच्या भूकंपात सिताबाईंचं सगळं घर गाडलं गेलं होतं. दर धमाक्याला त्या हातातलं टाकून अंगणात पळायच्या. सरांनी देवळासमोरच्या सभेत त्यांचा हात धरून शब्द दिला, की सोमवारी खाणीच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढं मी बसणार. टाळ्या पडल्या. टाळ्या सरांना फार आवडतात.

सोमवारी सकाळी माणसं वाटेवर जमली. सर नव्हते. आदल्या संध्याकाळी खाणवाल्याची गाडी त्यांच्या दारात उभी असलेली अर्ध्या गावानं पाहिली होती. थोड्या वेळानं ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, अर्थातच इंग्रजीत. राजेश्वरी ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता तालुक्याला मास्तरीण आहे. तिनं तो वाचून दाखवला. परिस्थिती पाहता आपण ‘स्टेप बॅक’ करत आहोत, असं सरांचं म्हणणं होतं.

“म्हंजी काय गं?” सिताबाईंनी विचारलं.

“एक पाऊल मागं घेऊन शांतपणे विचार करणं. पण सरांनी शब्द चुकीचा वापरलाय, मावशी. कबूल करून ऐन वेळी अंग काढून घेतलं, तर त्याला ‘बॅक आउट’ म्हणतात. ज्यानं कबूलच केलं नाही, त्याला हा शब्द लागत नाही.”

“म्या तर कुणाला कबूल केलं नव्हतं,” सिताबाई म्हणाल्या आणि वाटेच्या मधोमध बसल्या. मग बाकीचे बसले.

ट्रक आले, हॉर्न वाजवून थकले. दुपारी तहसीलचे साहेब आले आणि पाहणी होईपर्यंत सुरुंग बंद, असं सांगून गेले. ते निघायच्या बेतात असताना सर उगवले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. साहेबांशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मग राजेश्वरीला बाजूला घेऊन ते समजावू लागले, की मागं सरणं हा डावपेच होता.

“सर, तुम्हीच शिकवलंत, ‘बॅक आउट’पुढं ‘ऑफ’ लावायचं आणि कशातून पळालो ते लिहायचं,” ती म्हणाली. “आजचं वाक्य पूर्ण करून दाखवा.”

सर हसले. व्याकरण परीक्षेपुरतं असतं म्हणाले आणि फोटो ग्रुपवर टाकायला लागले.

पाहणीनंतर खाणीला गावापासून लांब, माळाच्या पलीकडं सरकावं लागलं. धमाके अजून ऐकू येतात, पण भांडी हलत नाहीत. सिताबाई आता घरात स्वस्थ झोपतात. सरही गावातच आहेत. कसलीही बैठक असली की सगळ्यांआधी येऊन पुढची खुर्ची धरतात. लोक त्यांना चहा देतात आणि काम दुसऱ्याला सांगतात.